न हलणारा पाळणा

पाळण्याची ऑर्डर घेऊन कोणी आलं का मी पहिले एकच गोष्ट इचारतो. बाळ झालं काय? झालं असंल तं माप घेतो अन् बारशाच्या दिवसापर्यंत पाळणा देतो. झालं नसंल तं चहा पाजतो अन् घरी पाठवतो. आम्ही मूळचे कटंगीकडले सुतार, दोन पिढ्यांपासून बालाघाटात आहो. आमच्या घरात बाळ जन्माले याच्या आंधी पाळण्याच्या लाकडाले रंधा लावत नाही. माझा बाप लावत नव्हता, आजा लावत नव्हता. कोणी याले अंधश्रद्धा म्हणते. म्हणू दे बाप्पा! माझं नाव भोजराज, वय एकसष्ट, अन् या वयात मी कोणाच्या म्हणण्यानं बदलणार नाही असं मले तवा वाटत होतं.

माणिकबाई पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा भर दुपार होती, लाईट गेलती, अन् एका दरवाज्याचं काम अर्ध्यात अटकलतं. मिजाज आंधीच खराब. बाई अडतीसएक वर्षांची, सुती साडी, खांद्याले ऑफिसची पर्स, गळा मोकळा. तिनं मापं लिहेल एक कागद पुढं केला अन् मोबाईलवर फोटो दाखवला. चार पायांचा लाकडी पलंग, दोन लांब बाजूंले उभ्या दांड्या, आखूड बाजूंले फळ्या.

"असा बनवून पाहिजे," ती म्हणे. "क्रिब म्हणतात याले."

"हलते काय हे?"

"नाही. हलायलेच नाही पाहिजे."

"हलत नाही तं पाळणा कायचा? हा तं पोपटाचा पिंजरा झाला!" मी म्हणलं. "बरं ते जाऊ द्या. बाळ झालं काय?"

तिनं मोबाईल बंद केला. मंग म्हणे, "झालं असंल बी. नसंल बी. मले अजून माहीत नाही."

माझं डोकं सटकलं. "बाई, मस्करी करून राह्यल्या काय? माझ्याकडं टाईमपास करायले येळ नाही."

ती चिडली नाही, हसली बी नाही. ऑफिसात अर्ज समजावून सांगतात तसं तिनं सांगतलं. लग्न झालं नाही. लेकरू दत्तक घ्याचं आहे. सरकारी यादीत नाव नोंदवलं आहे, नंबर लागायले दोन वर्षं लागतील, तीन बी लागतील. लेकरू दोन महिन्याचं मिळंल नाही तं दीड-पावणेदोन वर्षाचं. कुठल्या गावाचं, कोणाचं, पोरगा का पोरगी, काही माहीत नाही. त्याच्या आंधी घर पाहायले एक मॅडम येणार, तिले लेकरू झोपंल कुठी ते दाखवा लागते.

"मंग रेडीमेड घ्या," मी म्हणलं. "मेन रोडले चार दुकानं आहेत. आमच्यात बाळ होयाच्या आंधी पाळण्याले हात लावत नाही. नियम म्हणजे नियम."

"हौ," ती म्हणे, अन् कागद घडी करून पर्समध्ये ठेवला अन् गेली. मी दरवाज्याच्या कामाले लागलो. खरं सांगतो, मले काही वाईट गिईट वाटलं नाही.

तीन हप्त्यांनं ती परत आली. तोच कागद, पण आता त्याच्या मागच्या बाजूनं बी गिचमिड लिहेल. मी रंधा ठेवला अन् म्हणलं, काय व बाई, भेटला नाही काय पाळणा? ती स्टुलावर बसली अन् वाचायले लागली. पहिल्या दुकानातल्याची एक बाजू खाली सरकते, म्हणजे लेकराचा हात नाही तं मान त्याच्यात अटकू शकते. दुसरा जाळीचा अन् चाकावाला, जाळी ढिली, लेकरू कडेले लोळलं का तोंड जाळीत दबते. तिसरा मस्त चकचकीत, पण चारी कोपऱ्यांले लाकडाची फुलं बसवेल, कपडा अटकला का फास. रविवारी गोंदियाले जाऊन आली, तिथला सागवानाचा होता पण दांड्यांमध्ये चार बोटांची जागा. एकात गादी अन् लाकडाच्या मधात माझी मूठ गेली भाऊ, ती म्हणे. दोन बोटं बी जायले नाही पाहिजे.

मी तिच्याकडं पाहतच राह्यलो. माझ्या दुकानात चाळीस वर्षांत असा गिऱ्हाईक आला नाही. लोक येतात, पॉलिश पाहतात, मोर काढेल आहे का पाहतात. ही बाई टेप घेऊन फिरून राह्यली.

"दांड्यांमधी किती पाहिजे मंग?" मी इचारलं.

"सव्वादोन इंच. जास्ती नाही. लेकराचं धड पातळ असते भाऊ, डोकं मोठं. जास्त जागा ठेवली का धड पार होते अन् डोकं अटकते."

आता हे मले माहीत नव्हतं काय? चाळीस वर्षं पाळणे केले मी. पण माझ्या बापानं दांड्या चार बोटांवर लावल्या, मी चार बोटांवर लावल्या, कोणी कधी इचारलं नाही. मनात जरा चर्र झालं, पण तिले दाखवलं नाही.

"अन् प्रत्येक दुकानात एकच इचारतात," ती कागदाकडं पाहत म्हणे. "मैडम, डेट कब की है? पहिल्या दुकानात मी म्हणलं, मार्च. दुसऱ्यात म्हणलं, एप्रिल. गोंदियात तं मालकीणबाईनं मले खुर्ची दिली, म्हणे खडे मत रहिए, बैठिए. मी बसले बी. पाणी बी पेले तिच्या हातचं." मंग तिनं कागद पुन्हा घडी केला. "असं खोटं बोलत मी अजून किती दुकानं फिरू, तुम्हीच सांगा."

मी चहा सांगतला. दुसरं काय करू शकत होतो?

घरी जेवताना ही गोष्ट लीलाबाईले, म्हणजे आमच्या घरच्या मालकिणीले सांगतली. तिचा अन् माझा पस्तीस वर्षांचा संसार, अन् पस्तीस वर्षांत ती एकदा बी माझ्या बाजूनं बोलली नाही. मी म्हणलं, बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी, लेकराचा पत्ता नाही अन् पाळणा पाहिजे म्हणते. लीलाबाई वरण वाढतावाढता थांबली.

"लेकरू तं झालंच आहे न कुठी तरी," ती म्हणे. "नाही तं आज-उद्या होईल. तुमाले त्याचा पत्ता माहीत नाही एवढंच. तुमच्या बापानं पत्ता माहीत पाहिजे असं सांगतलं होतं काय?"

मी वरणभात खाल्ला अन् उठलो.

दुसऱ्या दिवशी माप घ्याले तिच्या घरी गेलो. दोन खोल्या अन् स्वयंपाकखोली, मागं अंगण, अंगणात एक कढीपत्त्याचं झाड. भिंतीवर माय-बापाचे फोटो. तिची कथा मले तिनं कमी सांगतली, लीलाबाईनं जास्त, कारण लीलाबाईची मावसबहीण त्याच गल्लीत राहते. बाप सिंचाई विभागात होता, नहरावर, कालव्याच्या ड्युटीवरच हार्ट अटॅक आला. माणिक तवा एकवीस वर्षांची, बी.ए. झालेली. बापाच्या जागी अनुकंपावर तिले घेतलं. लहान भाऊ अनुराग नववीत होता, त्याले शिकवलं, इंजिनीअर केलं, नागपुरात लग्न लावून दिलं. हिले बी स्थळं आली. एक म्हणे नोकरी सोड, दुसरं म्हणे मायले भावाकडं पाठव. तितक्यात मायले लकवा झाला अन् सात वर्षं माय खाटेवर. सकाळी उठून मायचं सारं करायचं, साडेदहाले ऑफिस, दुपारी जेवायले घालायले धावत घरी, पुन्हा ऑफिस. माय गेली. तेरवी झाली, पाव्हणे गेले, भाऊ-भावजय गेले. मंग घरात ही एकटी.

"सात वर्षं मले वाटायचं, कधी एक दिवस निवांत झोपायले भेटंल," खिडकीजोळ उभी राहून ती म्हणे. "आता झोपायले भेटते भाऊ. पण दोन पोळ्यांसाठी गॅस पेटवायचा बी कंटाळा येते. इतवारी तं मी दिवसभर कोणाशी बोलत नाही. एकदा सोमवारी ऑफिसात गेले अन् आवाजच निघंना घशातून. साहेब म्हणे, तबीयत खराब है क्या?"

मायची खोली तिनं रिकामी केली होती. चुना मारला, खिडकीले बारीक जाळी लावली, प्लगांवर झाकणं बसवली. खिडकीच्या पडद्याची दोरी कापून टाकली. पाळणा खिडकीजोळ नको, भिंतीजोळ पाहिजे, पण भिंतीवर फोटो-घड्याळ काही नको, असं तिचं म्हणणं. मी खोलीचं माप घेत होतो अन् ती पाळण्याच्या गादीचं माप सांगत होती. नारळाच्या काथ्याची कडक गादी तिनं पहिले बनवून घेतली होती, अन् त्या गादीवर लाकूड बेतायचं होतं. हे मले आवडलं. लोक पाळणा आंधी करतात अन् मंग त्याच्यात गोधड्या कोंबतात.

"उशी?" मी इचारलं.

"काही नाही. उशी नाही, गोधडी नाही, बाहुली नाही. फक्त चादर, गच्च बसवलेली."

"अन् मच्छर? बालाघाटचे मच्छर लेकराले उचलून नेतील, बाई!"

ती पहिल्यांदा हसली. मच्छरदाणीचा तिनं इचार केलाच नव्हता. मंग आम्ही दोघांनं डोकं लावलं. दांड्यांच्या बाहेरून एक लोखंडी चौकट उभी केली, तिच्यावर जाळी ताणून, आतमध्ये नाडा नाही, लोंबतं काही नाही. ती म्हणे, कोणत्याच फोटोत असं नाही. मी म्हणलं, फोटो काढणाऱ्याले मच्छर चावत नसतील.

काम मी मन लावून केलं. जुनं सुकलेलं सागवान, खिळा नाही, सारं लाकडात लाकूड बसवेल. गादीच्या फळीले तीन खाचा, तान्ह्या लेकरासाठी वर, बसायले लागलं का मधात, उभं राह्यलं का सर्वांत खाली. आडवी पट्टी कुठीच नाही, नाही तं पाय ठेवून चढते. रंग नाही, पॉलिश नाही, कारण दात निघताना पोट्टं पाळण्याची कड चावते. नुसतं जवसाचं तेल चोळलं. सव्वीस दांड्या मी स्वतः गोल केल्या अन् रेगमालच्या कागदानं घासल्या, गालाले लावून पाह्यल्या.

पण लावल्या पंचवीस. हे माझं मलेच माहीत. नियम मोडला होता. बापाचा चेहरा डोळ्यासमोर येत होता. म्हणलं, पाळणा पुरा करायचाच नाही. एक दांडी ठेवून देऊ, लेकरू घरी आलं का जाऊन बसवून देऊ. म्हणजे नियम बी राह्यला अन् काम बी झालं. अशी हुशारी केली मी.

पाळणा तिच्या खोलीत उभा केला. ती त्याच्याभोवती फिरली, हात फिरवला, मंग टेप काढला. मी म्हणलं, काहून मोजता, माझ्यावर भरोसा नाही काय? ती एकेक जागा मोजत गेली. सव्वादोन. सव्वादोन. सव्वादोन. भिंतीकडल्या बाजूले पोचली अन् थांबली.

"इथं साडेपाच आहे," ती म्हणे.

मी सांगतलं. आमच्यात असं असते, आमच्यात तसं असते, लेकरू आलं का दहा मिनिटांत लावून देतो. ती ऐकत होती अन् तिचा चेहरा बदलत गेला. सतरा वर्षं ऑफिसात "जी सर" म्हणणारी बाई, मले वाटलं नव्हतं तिले असा आवाज असंल.

"याच भोकातून माझ्या लेकराचं धड जाईल अन् डोकं अटकंल," ती म्हणे. "तुमच्या नियमापायी! अन् उद्या मॅडम आली, तिनं इचारलं, तं काय सांगू मी? तुम्ही हे भोक कशापायी ठेवलं ते मले समजत नाही काय? तुम्ही धरूनच चालले का लेकरू येणार नाही. माझा भाऊ बी धरून चालला आहे. गल्ली धरून चालली आहे. दुकानात बसायले खुर्ची देणाऱ्या बाईले बी खरं सांगतलं असतं तं तिनं बी तेच धरलं असतं. निदान पाळणा करणाऱ्यानं तं तसं धरू नये भाऊ."

ती रडली नाही. मीच खाली पाहत होतो. मी दुकानात गेलो, सव्विसावी दांडी घेऊन आलो, वरची पट्टी सोडली, दांडी बसवली, पट्टी पक्की केली. मनातल्या मनात बापाची माफी मागतली. तिनं पुन्हा मोजलं. सव्वादोन.

मॅडम आली, घर पाहून गेली, सारं ठीक म्हणाली. अन् मंग काहीच झालं नाही. पहिलं वर्ष गेलं. पावसाळ्यात लाकूड फुगते म्हणून दिवाळीच्या आंधी मी जाऊन पाळण्याचे सांधे तपासून आलो. असं कोणी बोलावलं नव्हतं, मीच गेलो. तिनं चहा केला, पाळण्यावर जुनी साडी झाकून ठेवेल होती. दुसऱ्या वर्षी बी गेलो. तेव्हा तिचा भाऊ अनुराग आलता नागपुरून, भला माणूस, गोड बोलणारा. तो दारात उभा राहून खोली पाहत होता.

"ताई, आईची खोली होती ही," तो म्हणे.

"हौ," ती म्हणे. "सात वर्षं मीच झाडली न."

तो त्याच दुपारी निघून गेला. मले चीड आली, पण आपण कोण बोलणारे? तिसऱ्या वर्षी मी सांधे पाह्यले तं ती म्हणे, "भोजराजभाऊ, हे विकत घेणारं कोणी असंल तं पाहून ठेवा. चांगलं लाकूड आहे, वाया जायले नाही पाहिजे." मी म्हणलं, गप राहा. मले घरी येऊन जेवण गेलं नाही.

त्याच्यानंतर चार महिन्यांनं, मंगळवारची दुपार, ती दुकानात आली. ऑफिसच्या वेळेत. श्वास लागेल. मोबाईल पुढं केला. एका पोरीचा फोटो, केस बारीक कापेल, मोठे डोळे, अंगात पिवळा झगा. नाव अपूर्वा. एक वर्ष अकरा महिने. ठेवेल होती दूरच्या एका शहरातल्या शिशुगृहात.

"अठ्ठेचाळीस तासांत हौ का नाही ते कळवा लागते," ती म्हणे. "मी हौ म्हणून टाकलं. मंग कोणाले तरी दाखवा वाटलं, अन् कोणाले दाखवू ते समजलं नाही. म्हणून इथं आली."

"भावाले सांगतलं काय?"

"सांगीन."

मी फोटो हातात धरून राह्यलो. लीलाबाईले दुकानामागच्या घरातून बोलावलं. ती आली, तिनं फोटोची दृष्ट काढली मोबाईलवरच, कडाकडा बोटं मोडली. माणिकबाई रडायले लागली. लीलाबाई बी रडायले लागली. मी बाहेर जाऊन उभा राह्यलो.

कागदपत्रांत दोन महिने गेले. अपूर्वा घरी आली तवा दोन वर्षांची झालती. पाळण्याची फळी मी आंधीच सर्वांत खालच्या खाचेत बसवून आलतो, कारण या वयाचं पोट्टं माकडासारखं चढते. लीलाबाईनं दारात भाकरतुकडा ओवाळला. पोरगी माणिकबाईच्या कडेवर होती, ना रडत ना हसत, साऱ्यांले पाहत. पाळणा पाहिला अन् तिनं त्याच्याकडं हात केला. आत ठेवलं तं बरोबर मधात जाऊन झोपली. माणिकबाई आमच्याकडं पाहून इतकी खुश झाली! तीन वर्षांचं सारं फिटलं, असं मले बी वाटलं.

दहा-बारा दिवसांनं तिचा फोन आला. "भाऊ, पेचकस-पटाशी घेऊन या. पाळण्याची एक बाजू काढायची आहे."

मी भडकलोच. तीन वर्षं सव्वादोन इंच, सव्वादोन इंच करून माझं डोकं खाल्लं, अन् आता बाजू काढा म्हणते! भांडायच्या तयारीनंच गेलो. तिनं दार उघडलं, तोंडावर बोट ठेवलं, मले खोलीच्या दाराजोळ नेलं. दार जरासं लोटेल होतं, फटीतून दिसत होतं.

पोरगी जागी होती. दोन्ही हातांनं दांड्या धरून उभी होती, दाराकडं पाहत. पायजमा ओला, चादर ओली. आवाज नाही. हूं नाही, चूं नाही. माझी पोरं त्या वयात झोपेतून उठली का घर डोक्यावर घेत. ही नुसती उभी.

माणिकबाईनं मले स्वयंपाकखोलीत आणलं. हळू आवाजात बोलायले लागली.

"पहिले काही दिवस मले वाटलं, किती शहाणी पोरगी आहे, किती झोपते. परवा सहज डोकावले तं अशीच उभी. ओली, थंडगार. कधीची उभी होती कोणास ठाऊक. मंग काल मी दाराआड बसून पाह्यलं. उठली, उभी राह्यली, अन् तशीच. पाऊण तास, भाऊ. मलेच सहन झालं नाही, मी आत गेले." तिनं पदरानं नाक पुसलं. "तिथल्या बाया चांगल्या होत्या. निघताना तिच्यासाठी रडल्या. पण तिथं लेकरं किती, हात किती? त्यायचा दोष नाही. हिले माहीतच नाही का हाक मारली तं कोणी येते. अन् मी हिले पुन्हा दांड्यांच्या आत ठेवलं."

भांडण कुठल्या कुठी गेलं. मी म्हणलं, कडेले वीतभर उंचीची फळी ठेवतो, झोपेत पडणार नाही, अन् खाली एक पातळ गादी टाका. ती म्हणे, हौ, पण उतरता आलं पाहिजे. मनात आलं का येता आलं पाहिजे.

तिनं पोरीले धुवून-पुसून, झगा बदलून पुन्हा आत ठेवलं, म्हणजे तिले समोर दिसंल काय होऊन राह्यलं ते. मी समोरची बाजू सोडली. सांधे असे गच्च बसेल होते का पटाशी लावा लागली. मले माझ्याच कामाचा राग आला. पोरगी पाहत होती. बाजू पुरी निघाली, समोर सारं मोकळं झालं. माणिकबाईनं दोन्ही हात पुढं केले. "ये अपूर्वा, ये न माय."

पोरगी त्या मोकळ्या जागेकडं पाहत राह्यली. मंग सरकत सरकत मागं गेली, भिंतीकडल्या दांड्या धरल्या अन् तिथं बसली.

माणिकबाईचे हात तसेच राह्यले. मंग ती उठली. "आपण जाऊ बाहेर," म्हणे. "मले पाहून ती घाबरते."

आम्ही स्वयंपाकखोलीत येऊन बसलो. तिनं कणीक मळायले घेतली, उगीच, वेळ काही पोळ्यांची नव्हती. मी म्हणलं, मी निघतो आता. ती म्हणे, "थांबा न भाऊ थोडं. एकटीनं ऐकत बसाले जीव घाबरते." मी बसलो. काढलेली बाजू मांडीवर घेऊन बसलो, तेरा दांड्या अन् दोन पट्ट्या. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. ती कणीक मळत होती, मळून झाली तरी मळत होती. अर्धा तास झाला असंल. कोणी येत नव्हतं, काही ऐकू येत नव्हतं. मले वाटलं, बाप्पा, हिचं नशीबच असं आहे काय?

मंग आतून आवाज आला. अगदी बारीक, घसा न वापरलेल्या माणसाचा असते तसा.

"दीदी."

माणिकबाईचे हात परातीत थांबले. तिनं माझ्याकडं पाह्यलं, खरंच ऐकलं काय असं. पुन्हा आवाज आला, जरासा मोठा. "दीदी!"

शिशुगृहात कामाच्या बायांले सारी लेकरं दीदीच म्हणत. तीन वर्षं वाट पाह्यली या बाईनं, अन् पोरगी तिले कामवालीच्या नावानं बोलावून राह्यली. मी उठलो, म्हणलं, "मी सांगतो तिले. दीदी नाही, आई म्हण म्हणून."

"नका सांगू," माणिकबाई म्हणे. तिचे डोळे वाहत होते अन् ती हसत होती. "काही बी म्हणू द्या. तिनं मले बोलावलं न, भाऊ."

अन् कणकेनं भरलेले हात तसेच घेऊन ती आत पळाली. "आली व माय, आली!"